दस्तगीरची पश्चिम

विलायतेला जायचं ठरलं तर माणसानं गल्लीत कुणाला सांगू नये. दस्तगीर मोमीननं एवढं एक पथ्य पाळलं असतं तर पुढचं निम्मं रामायण टळलं असतं. पण दस्तगीरच्या पोटात काही राहायचं नाही, मग ती बातमी असो की बोटीवरचं जेवण. सन चोवीसच्या होळीच्या आसपास भवानी पेठेतले कापडाचे व्यापारी वीरभद्रप्पा यांनी त्याला दुकानात बोलावलं. म्हणाले, लंडनला मोठं प्रदर्शन भरतंय, मुलखामुलखाचे कारागीर चाललेत, सोलापुरी लुगडं कसं विणतात ते मागावर बसून दाखवायला तुला पाठवायचं आमी नक्की केलंय. दस्तगीर "विचार करून सांगतो" म्हणाला, आणि दुकान ते घर या पाच मिनिटांच्या वाटेत त्यानं अकरा जणांचा विचार घेतला.

अकरांनी मिळून साधारण चाळीस सल्ले दिले. तिकडं पाणी गोठतं, तेव्हा नमाजीआधी हातपाय धुवायचं वजूचं पाणी बाटलीत भरून ने. तिकडं पाण्याची पद्धतच नाही, तेव्हा तोटीचा लोटा ने. एक नको, दोन ने, कारण पहिला साहेब लोक फुलदाणी म्हणून ठेवून घेतात. हे सांगणारा माणूस होटगीच्या पलीकडं कधी गेला नव्हता, पण त्याचा चुलतभाऊ मुंबईला होता, त्यामुळं त्याला अधिकार होता. खाण्याचा प्रश्न शेजारच्या बसव्वानं निकालात काढला. हलाल मिळेल की न मिळेल याची काळजीच नको म्हणून तिनं ज्वारीच्या दोनशे कडक भाकऱ्या थापल्या आणि वर शेंगाच्या चटणीचा डबा दिला.

"सहा महिने टिकत्यात," बसव्वा म्हणाली. "त्याच्यापुढं टिकल्या तर माघारी आणा, वाया घालवू नका."

खरा घोर वेगळाच होता. दस्तगीरच्या मुलीची, जैतूनची, सोयरीक वैरागच्या हाजी बुडनसाहेबांच्या घरी जुळत आली होती. हाजीसाहेब शेंगांचे अडते. माणूस मोठा, शिस्त त्याहून मोठी. हजला जाऊन आल्यापासून अख्ख्या वैरागात कुणाची टोपी वाकडी असली तर ती सरळ करायचा हक्क आपल्याला आहे असं ते मानत, आणि वैरागचे लोकही मानत. जैतूनचं एक ठरलेलं लग्न आधी मोडलं होतं. मुलाकडच्यांनी कारणही दिलं नव्हतं. तेव्हापासून दस्तगीरची बायको हलीमाबी दर जुम्म्याला दर्ग्यात फूल वाहून 'एवढं जमू दे' म्हणत होती. दुसऱ्यांदा मोडलं असतं तर पोरीला कोण विचारणार होतं?

विलायतेची बातमी कळल्यावर हाजीसाहेब तडक बैलगाडीनं बार्शीला आणि तिथून मोटारीनं सोलापूरला आले.

"दस्तगीरमियाँ," ते खाटेवर बसायच्या आधीच म्हणाले, "विलायतेला गेलेला माणूस माघारी येतो तेव्हा टोपी असते, पण खाली डोकं तेच असेल याचा भरवसा नाही. तुमी जा. मी अडवणार नाही. पण एका वक्ताची नमाज चुकली तर सोयरीक मोडली म्हणून समजा."

"चुकणार नाही, हाजीसाब."

"ते मला कसं कळणार?"

हा प्रश्न मात्र बिनतोड होता. शेवटी हाजीसाहेबांनीच मार्ग काढला. दस्तगीरनं तिकडच्या एखाद्या इज्जतदार माणसाकडून इंग्रजीत दाखला आणावा, की हा माणूस पाच वक्त नमाज पढत होता. दाखल्याखाली सही हवी. सहीखाली दुसऱ्याची सही हवी. हाजीसाहेबांनी आयुष्यभर अडत केली होती, एका सहीवर त्यांचा विश्वास नव्हता.

मग पासपोर्ट. कचेरीतल्या कारकुनानं जन्मतारीख विचारली. दस्तगीर म्हणाला, मोठ्या दुष्काळात, मोहरमच्या पाचव्या दिवशी. कारकून म्हणाला, इंग्रजी तारीख सांगा. दस्तगीर म्हणाला, त्या दिवशी घरात इंग्रज कुणी नव्हता. कारकुनानं एक जून लिहून टाकलं. सोलापूर जिल्ह्यात ज्याला तारीख सांगता येत नाही तो एक जूनला जन्मतो, हा सरकारी नियमच आहे. ओळखीची खूण म्हणून डाव्या कानावरचा तीळ लिहिला आणि फोटोत उजवा कान आला. त्यासाठी पुन्हा तीन खेपा.

निघायच्या आदल्या दिवशी एवढीच एक शंका राहिली होती, आणि ती दस्तगीरला नव्हे, हलीमाबीला आली. तिकडं किबला, म्हणजे नमाजीला तोंड करायची मक्केची दिशा, कशी कळायची?

यात शंका घेण्यासारखं काही आहे असं दस्तगीरला वाटलंच नाही. मक्का पश्चिमेला. बापानं पश्चिमेकडं तोंड करून नमाज पढली, आजानं पढली, पेठेतल्या साऱ्या मशिदी पश्चिमेकडं तोंड करून उभ्या. पश्चिमेकडं पाय करून झोपायचं नाही, पश्चिमेकडं थुंकायचं नाही, घरातली मोरीसुद्धा पश्चिमेला काढायची नाही, हे त्याला बोलता यायच्या आधीपासून ठाऊक होतं. तरी बायकोच्या समाधानासाठी त्यानं निरोप द्यायला आलेल्या वीरभद्रप्पांना विचारलं. वीरभद्रप्पा कपाळाला विभूती लावणारे, गळ्यात लिंग. पण गल्लीत कुठल्याही धर्माचा निकाल द्यायला ते मागं सरत नसत.

"सूर्य तितं पण पश्चिमेलाच बुडतोय की!" ते म्हणाले. "सूर्य काय दोन हायत? मग झालं तर!"

झालं. निकाल लागला.

बोटीवर दिशेचा प्रश्न आलाच नाही. दस्तगीरला मुंबईचा धक्का दिसेनासा झाल्यापासून जी मळमळ सुटली ती विलायतेचा धक्का दिसेपर्यंत थांबली नाही. तो बिछान्यावर पडल्या पडल्या, डोळ्यांच्या इशाऱ्यानं, अल्ला जिकडं असेल तिकडं नमाज पढला. धक्क्यावर जकातवाल्या साहेबानं त्याची ट्रंक उघडली. कडक भाकरीवर बोटानं टकटक केलं. वास घेतला. आणखी दोन साहेबांना बोलावलं. तिघांनी मिळून एक भाकरी मोडली, तिचा आवाज झाला तसे तिघं मागं सरले. शेवटी दस्तगीरनं त्यांच्यासमोर एक तुकडा चटणीला लावून खाल्ला, तेव्हा त्यांनी ट्रंक बंद केली. त्यातल्या एकानं दुसऱ्याला काहीतरी हळू आवाजात सांगितलं. काय सांगितलं ते दस्तगीरला कळलं नाही, पण अपमान कळायला इंग्रजी यावं लागत नाही.

राहायची सोय मिसेस डॉब्स नावाच्या विधवा बाईच्या घरी केली होती. बाई साठीच्या, उंच, आवाज फौजदारासारखा. दस्तगीरला मिलमध्ये साहेबाच्या हाताखाली शिकलेलं कामापुरतं इंग्रजी येत होतं. खोलीत पाय टाकल्याबरोबर त्यानं पहिलं वाक्य उच्चारलं ते असं, "म्याडम, पश्चिम कुठं?"

बाईनं खिडकीकडं हात केला. ढगात काही दिसत नव्हतं. दस्तगीरला खात्री पाहिजे होती. तो रस्त्यावर गेला आणि पोलिसाला विचारलं. पोलिसानं विचारलं, पश्चिमेला कुणाकडं जायचंय? दस्तगीर म्हणाला, अल्लाकडं. पोलिसानं त्याला हाताला धरून घरी आणून सोडलं आणि बाईला सांगितलं, की पाव्हण्यावर जरा लक्ष ठेवा.

खोलीतला पलंग अशा बेतानं होता, की निजणाऱ्याचे पाय थेट पश्चिमेकडं. तोबा! पलंग फिरवला. पलंग फिरवला तर कपाट उघडेना. कपाट पलीकडच्या भिंतीला नेलं तर पश्चिमेच्या भिंतीवर डॉब्ससाहेबांची मोठी तसबीर समोर आली. कैलासवासी डॉब्स मिशा पिळून बसलेले. नमाजीसमोर तसबीर चालत नाही. दस्तगीरनं लाजत लाजत सांगितलं. बाईंचा चेहरा पडला, पण नवऱ्याला उचलून त्यांनी पूर्वेच्या भिंतीवर, दस्तगीरच्या पाठीमागं टांगलं. "हयातीत तो कधी कुणाच्या पाठीमागं उभा राहिला नाही," एवढंच म्हणाल्या. ही बाई भली होती, हे इथं सांगून ठेवतो, कारण पुढं तिच्यावर वेळ येणार आहे.

एप्रिल संपला, ढग फाटले, आणि सूर्य मावळताना दिसायला लागला. इथं दस्तगीरचा काटेकोरपणा आडवा आला. रोज प्रदर्शनातून मागावरून उठून आला की तो खिडकीशी उभा राहून सूर्य नेमका कुठं बुडतो ते बघायचा. आणि तिकडचा सूर्य भलताच चंचल! सोलापुरात कसा वर्षभर थोडा इकडं थोडा तिकडं करून गुमान बुडतो. इथं आज गिरणीच्या धुराड्याशी बुडाला, तर पंधरा दिवसांनी चांगला उजवीकडं सरकून देवळाच्या मनोऱ्याशी. दस्तगीर बेचैन झाला. पहिल्या आठवड्यात मुसल्ला, म्हणजे नमाजीची चटई, वीतभर फिरवली. दुसऱ्या आठवड्यात पलंग. तिसऱ्या आठवड्यात कपाट, त्याच्या मागोमाग मेज. जूनमध्ये सूर्य इतका उजवीकडं गेला, की पलंग खोलीच्या मधोमध तिरपा उभा राहिला आणि दाराशी जायला कपाटाला वळसा पडू लागला.

दर रविवारी मिसेस डॉब्स बाह्या सारून यायच्या. "मिस्टर मोमीन, आज किती?"

"आज फक्त चार बोटं, म्याडम."

याच काळात दाखल्याचं कामही झालं. बाईंनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, की हे गृहस्थ दिवसातून पाच वेळा प्रार्थना करतात, एकदाही चुकले नाहीत, पहाटे तीनला उठूनही करतात, आणि दर वेळी तोंड पश्चिमेकडं असण्याबद्दल फार काळजी घेतात. दुसरी सही कुणाची घ्यायची? बाईंच्या ओळखीत इज्जतदार माणूस एकच, त्यांच्या देवळातले पाद्री. त्यांनी आपल्या डोळ्यांनी एक नमाज बघितली आणि सही ठोकली. वर देवळाचा शिक्का. हाजीसाहेबांना दोन सह्या हव्या होत्या, शिक्का फुकटात मिळाला. दस्तगीर खूश.

जुलैत बकरीद आली. कुणीतरी सांगितलं, लंडनपासून आगगाडीनं तासाभरावर वोकिंग म्हणून गाव आहे, तिथं मशीद आहे आणि ईदची नमाज बाहेर हिरवळीवर होते. दस्तगीरनं प्रदर्शनातून सुट्टी काढली, लग्नातली शेरवानी घातली, जरीचा फेटा बांधला, दाढीला अत्तर लावलं आणि पहिल्या गाडीनं निघाला. पोचला तेव्हा हिरवळीवर चिटपाखरू नव्हतं. सतरंज्या तेवढ्या अंथरलेल्या. आपण गरीब विणकर, आपण मागं बसावं. पश्चिम कुठली ते त्यानं सकाळच्या उन्हावरून पक्कं केलं आणि पूर्वेच्या टोकाला, सगळ्यात मागं, एक छोटा गालिचा एकटाच होता त्याच्या बाजूला नम्रपणे जाऊन बसला. तोंड पश्चिमेकडं. डोळे मिटले आणि तसबीहची माळ फिरवू लागला.

बऱ्याच वेळानं कुजबुज ऐकू आली म्हणून डोळे उघडले, तर समोर दोन-अडीचशे माणूस बसलेला. खलाशी, शिकायला आलेली पोरं, इजिप्तकडचे मिसरी लोक, चार-दोन गोरे मुसलमानसुद्धा. आणि सगळ्यांची तोंडं त्याच्याकडं!

दस्तगीरला त्यांची कीव आली. अरेरे! बिचारे नवे लोक, शिकवायला कुणी नाही, अख्खी जमात उलटी बसलीय! इतक्यात पुढच्या रांगेतला एक गोरा म्हातारा अदबीनं वाकून म्हणाला, "शेखसाहेब, सुरुवात करायची का?"

हा शेरवानी, फेटा, पांढरी दाढी आणि बाजूला इमामाचा गालिचा यांचा परिणाम होता. पण दस्तगीरला वाटलं, हे आपल्याकडं शिकायलाच बसलेत. तो उठला. भाषेची अडचण होती, म्हणून दोन्ही हातांनी खूण केली: फिरा, सगळे फिरा, तोंड तिकडं करा. शेखसाहेबांचाच हुकूम! पुढच्या दोन रांगा निमूटपणे उठून फिरल्या. आता त्यांची तोंडं मागच्या रांगांकडं झाली. मागच्या रांगा म्हणाल्या, हे काय? खलाशी हसायला लागले. एक मिसरी चिडून उभा राहिला. त्याच वेळी मशिदीतून खरे इमामसाहेब बाहेर आले आणि जागच्या जागी थांबले.

इमामसाहेब पंजाबकडचे, समजूतदार. त्यांनी दस्तगीरला खांद्याला धरून बाजूला नेलं, छत्रीच्या टोकानं वाटेवरच्या वाळूत तीन ठिपके काढले.

"हे लंडन. हे तुमचं सोलापूर. आणि मक्का ही, मधे. भाई, तुम्ही तिला ओलांडून पुढं आलात. आता ती मागं राहिली."

दस्तगीर ठिपक्यांकडं बघत राहिला. मग त्याला पलंग आठवला. पश्चिमेकडं पाय नकोत म्हणून फिरवलेला पलंग. म्हणजे ऐंशी दिवस पाय... त्यानं दोन्ही कान पकडून तोबा केली. सूर्याच्या मागं लागून जसजसा तो काटेकोर होत गेला होता, तसतशी त्याची पाठ नेमकी मक्केकडं होत गेली होती. आणि तिकडच्या भिंतीवर, नेमके किबल्याच्या जागी, डॉब्ससाहेब!

इमामसाहेबांनी धीर दिला, की नेकीनं शोधून चुकलं तर अल्ला माफ करतो, नमाज झाली. दस्तगीरचं मन मानेना. घरी येऊन त्यानं मिसेस डॉब्सना सगळं सांगितलं आणि मान खाली घालून म्हणाला, आता सगळं उलट फिरवायचं. बाई खुर्चीत बसल्या. मग बाह्या सारल्या.

"निदान जॉर्ज त्याच्या मूळ जागेवर जाईल," त्या नवऱ्याच्या तसबिरीकडं बघत म्हणाल्या.

दाखला मात्र बदलून द्यायला त्या तयार झाल्या नाहीत. तोंड पश्चिमेला होतं, म्हणून पश्चिम लिहिलं. खाली पाद्रीबाबांची सही. खोटं कसं लिहू? नवा दाखला लिहिते, पण जुलैपासूनचा. दस्तगीर हबकला. जुलैपासूनचा दाखला दाखवला तर हाजीसाहेब विचारणार, आणि त्याच्या आधी काय झालं? त्यानं जुनाच दाखला ट्रंकेत ठेवला.

नोव्हेंबरात तो सोलापूर स्टेशनात उतरला तेव्हा गल्ली हार घेऊन हजर. बसव्वानं पहिल्यांदा उरलेल्या भाकऱ्या मोजून घेतल्या. चौथ्या दिवशी हाजीसाहेब आले. गल्लीतल्या इंग्रजी जाणणाऱ्या गुरुलिंग मास्तरांनी ओसरीवर उभं राहून दाखला मोठ्यानं वाचला आणि मराठीत सांगितला. 'तोंड पश्चिमेकडं' हे शब्द आले तसे हाजीसाहेबांनी मांडीवर थाप मारली.

"पश्चिमेकडं! वा! विलायतेत जाऊनसुद्धा पश्चिम सोडली नाही!"

"मी म्हणलं नव्हतं?" वीरभद्रप्पांनी सगळ्यांकडं बघून घेतलं. "सूर्य काय दोन हायत?"

मंगनीचा, म्हणजे साखरपुड्याचा, दिवस ठरला. घरात आनंदीआनंद, आणि दस्तगीर मात्र जैतून समोर आली की मान वळवून निघून जायचा. माफी असो नसो, त्यानं त्या चारशे नमाजा कजा म्हणून, चुकलेल्याची भरपाई म्हणून, पुन्हा पढायला घेतल्या होत्या. माग सोडून उठायचा, मुसल्ला टाकायचा. हलीमाबी गल्लीत सांगत सुटली, की लोकांचे नवरे विलायतेत बिघडतात, माझा सुधारून आला. हे ऐकलं की दस्तगीरला आणखी कसंतरी व्हायचं.

मंगनीच्या सकाळी जैतून त्याच्यापुढं चहा ठेवून तिथंच उभी राहिली.

"अब्बा, क्या हुआ बोलो. आठ दिवस झाले, तुमी माझ्याकडं बघत नाहीत."

दस्तगीरनं सांगून टाकलं. पोरगी ऐकत राहिली. मधे तिला डॉब्ससाहेबांपाशी हसू आलं, तिनं ओढणी तोंडात कोंबली. मग डोळे भरले.

"हाजीसाबला बोलो," ती म्हणाली. "मोडलं तर मोडू दे. उद्या तिकडं नांदताना नकाशा ठाऊक असलेला कुणी मास्तर पुन्हा तो कागद वाचेल, या भीतीनं मी रोज भाकऱ्या थापू का?"

दुपारी वैरागची मंडळी आली. ओसरी भरली. साखरेची ताटं झाकून ठेवलेली. दस्तगीरनं हाजीसाहेबांना "दोन मिनटं आत या" म्हटलं आणि आतल्या खोलीत नेऊन, उभ्यानंच, पलंगापासून तीन ठिपक्यांपर्यंत सगळं एका दमात सांगितलं. "दाखला खरा हाय, हाजीसाब. पण नमाज उलटी झाली. आता तुमी ठरवा. पोरीची काही चूक नाही."

हाजीसाहेब उठले, दार लावलं, कडी घातली. दस्तगीरला वाटलं, आता संपलं.

"किती दिवस?" हाजीसाहेबांनी विचारलं.

"ऐंशी."

हाजीसाहेब खाली बसले. पगडी काढून मांडीवर ठेवली. पगडीवाचून ते फार लहान दिसत होते.

"माझे चार," ते म्हणाले.

"काय?"

"जेद्दाला. बोटीतून उतरलो तो तापानं फणफणलेला. मुसाफिरखान्यात एका कोपऱ्यात टाकलं मला, सोबतचे पुढं गेले. खिडकीतून सूर्य बुडताना दिसायचा. मी चार दिवस तिकडं तोंड करून पढलो. तिकडं समुद्र होता, मियाँ, नुसता समुद्र. मक्का पाठीमागं, उंटाच्या दोन मजलांवर! अर्ध्या दुनियेवरून तिला भेटायला गेलो, आणि दारात जाऊन पाठ करून बसलो." त्यांनी डोळे पुसले. "पाचव्या दिवशी झाडूवाल्यानं सांगितलं. एकोणीस वर्षं झाली. कुणाला बोललो नाही. गावातल्या लोकांच्या टोप्या सरळ करत फिरलो."

दोघं एकमेकांकडं बघत राहिले. मग आधी कोण हसलं ते सांगता येत नाही, पण बाहेर ओसरीवर हलीमाबीला आतून काय आवाज येतोय ते कळेना, रडण्याचा की भांडणाचा. तिनं धावा सुरू केला. कडी निघाली. हाजीसाहेब दारात आले, पगडी डोक्यावर, डोळे लाल.

"साखर वाटा," ते म्हणाले. "असे व्याही शोधून मिळायचे नाहीत."

साखर वाटली. गळाभेटी झाल्या. तेवढ्यात असरची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजीची, अजान झाली. दोघे व्याही वजू करून आतल्या खोलीत गेले, आपापला मुसल्ला हातात घेतला आणि तसेच उभे राहिले. हाजीसाहेब दस्तगीरकडं बघतात, दस्तगीर हाजीसाहेबांकडं. मुसल्ला टाकायला कुणाचा हात होईना. शेवटी हाजीसाहेब पडद्याकडं तोंड करून हळूच म्हणाले,

"बेटी, पश्चिम कुठली गं?"

पडद्याआडून मेंदीचा हात बाहेर आला. आयुष्यात अक्कलकोट नाक्याच्या पुढं न गेलेल्या जैतूननं बोट दाखवलं, आणि मक्का बघून आलेल्या आणि विलायत बघून आलेल्या दोघांनी मुकाट्यानं आपापले मुसल्ले तिकडं अंथरले.